पंचवीस, वीस पाच आणि मॅकचा प्रोसेसर

2025 च्या जूनमध्ये ॲपलने जाहीर केलं की मॅकओएस, म्हणजे मॅक संगणकांची कार्यप्रणाली, हिची टाहो ही इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती. बातमी वाचून एक मित्र म्हणाला, ‘‘त्यात काय एवढं? इंजिन बदललं, गाडी तीच.’’

हा गैरसमज सगळीकडे आढळतो, आणि त्यात मित्राचा फारसा दोष नाही. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात आणि खंडेनवमीला त्याच्यावर झेंडू वाहतात. पण इंजिनाला पेट्रोल वाचावं लागत नाही. प्रोसेसरला प्रोग्रॅम वाचावा लागतो. प्रोग्रॅम म्हणजे आकड्यांच्या रूपात लिहिलेल्या आज्ञांची लांबलचक यादी. अमुक आकडा म्हणजे ‘बेरीज कर’ हे प्रत्येक प्रोसेसर-घराण्याने आपापलं ठरवलेलं असतं. एका घराण्याची यादी दुसऱ्यासमोर ठेवली, तर मोडी न येणाऱ्यासमोर मोडीतलं खतपत्र ठेवल्यासारखं होतं.

मॅकने हे घराणं तीनदा बदललं. 1984 चा पहिला मॅक मोटोरोलाच्या 68000 वर होता, 1994 मध्ये पॉवरपीसी आला, 2006 मध्ये इंटेल, आणि 2020 मध्ये ॲपलची स्वतःची एम1 चिप. मला यातला मधला बदल सगळ्यात आवडतो, कारण त्यात आकडे उलटे वाचण्याची गंमत आहे.

6 जून 2005 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्जने इंटेलचं नाव घेतलं तेव्हा मॅकच्या निष्ठावंतांची पंचाईत झाली. 1998 मध्ये ॲपलच्याच जाहिरातीत इंटेलची पेंटियम चिप गोगलगायीच्या पाठीवर बसून सरपटत होती. मेगाहर्ट्झ, म्हणजे चिपचे सेकंदाला पडणारे ठोके, म्हणजे वेग नव्हे, हेही ॲपलने लोकांना शिकवलं होतं, आणि ते खरंच आहे. पेंटियम 4 एक आज्ञा वीस टप्प्यांत पार पाडायचा, त्या काळच्या पॉवरपीसी घराण्यातल्या जी4 ला सातच टप्पे लागायचे, त्यामुळे नुसत्या ठोक्यांच्या मोजणीला अर्थ नव्हता. पण शिकवणारा स्वतःला सोयीच्या फोटोशॉप शर्यती मंचावर लावत होता, आणि भक्तमंडळी पॉवरपीसीलाच मॅकचा आत्मा समजू लागली होती. सिलिकॉनच्या तुकड्यात आत्मा पाहणं आणि डब्याला हळदकुंकू लावणं यात मला फार अंतर दिसत नाही. झेंडू निदान स्वस्त असतो.

खरं कारण उष्णतेचं होतं. 2003 मध्ये जॉब्जने वर्षभरात जी4 नंतरच्या जी5 चिपचं, 3 गिगाहर्ट्झच्या वेगाचं, वचन दिलं होतं. दोन वर्षांनीही गाडी 2.7 वर अडली होती, आणि जी5 इतका तापायचा की त्याचा लॅपटॉप कधी निघालाच नाही. एका वॅटमागे काम किती, याचे जॉब्जने दाखवलेले अंदाज असे होते: पॉवरपीसी 15, इंटेल 70. शिवाय त्या दिवशी मंचावर ज्या यंत्रावर सगळं दाखवलं जात होतं, तेही पेंटियम 4 वरच चालत होतं. मॅक ओएस टेन पाच वर्षं गुपचूप इंटेलसाठीही तयार होत होती.

आता आकड्यांकडे.

25 हा आकडा आपण लिहिताना आधी 2 आणि मग 5 लिहितो, पण उच्चारताना आधी पाच येतो: पंच-वीस. आई फोनवर ग्राहक क्रमांक सांगते, ‘‘पंच्याऐंशी’’. मी ‘पंच’ ऐकतो, डावीकडे एक घर मोकळं सोडून 5 लिहितो, आणि मग मागे येऊन 8 बसवतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात तेवीसला ‘वीस तीन’ म्हणायची सोय आली ती याच अडचणीपायी. जुनी नावंही शेजारी होती, तरी केवढा गहजब झाला! विषय विधिमंडळापर्यंत गेला. गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लिहितो त्याच क्रमाने बोललं तर मुलांचं जोडाक्षरांशी आणि उलटापालटीशी भांडण कमी होईल.

प्रोसेसरांच्या जगात हाच वाद आहे. मोठी संख्या स्मृतीत ठेवताना तिचे बाइट करावे लागतात, आणि एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढंच मावतं. 1984 घ्या: 7 गुणिले 256, अधिक 192. म्हणजे बाइट दोन, 7 आणि 192. यातला आधी कोणता ठेवायचा? मॅकवरचा पॉवरपीसी थोरला आधी ठेवायचा: 7, 192. ही ‘वीस पाच’ पद्धत. इंटेल धाकटा आधी ठेवतो: 192, 7. हा आपला ‘पंचवीस’. चूक कुणाचीच नाही. पण पॉवरपीसीने लिहिलेलं 1984 इंटेलने आपल्या सवयीने वाचलं, तर 192 गुणिले 256 अधिक 7, म्हणजे 49159 होतं. चार बाइटांत लिहिलेला साधा 1 तर 1,67,77,216 होऊन बसतो.

(या दोन पंथांना थोरल्या टोकाचे आणि धाकट्या टोकाचे ही नावं डॅनी कोहेन यांनी 1980 मध्ये दिली. अंडं कोणत्या टोकाने फोडावं यावरून लढाया करणाऱ्यांच्या जुन्या कथेतून ती उचलली आहेत. तिसरा पंथही आहे. पीडीपी-11 हे यंत्र मोठ्या संख्या मधूनच क्रम मोडून ठेवायचं. हसण्याआधी ‘एकशे पंचवीस’ म्हणून पाहा: आधी 1, मग 5, मग 2.)

मग सरसकट सगळंच उलटून का टाकू नये? कारण सगळ्या बाइटांत संख्या नसतात. एका फाइलमध्ये नाव आणि वय शेजारी असतील, तर वय उलटायचं असतं, रोमन लिपीत एकेका बाइटने लिहिलेलं नाव उलटायचं नसतं, आणि कुठे काय आहे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं. देवनागरीत आणखी मजा. अक्षरांना क्रमांक देऊन ते बाइटांत ठेवणाऱ्या यूटीएफ-16 पद्धतीत ‘म’ चा क्रमांक 2350, म्हणजे बाइट 9 आणि 46. उलटे वाचले तर 11785 येतो, आणि तिथे एक कंसचिन्ह बसलेलं आहे. जुन्या ग्रंथांच्या संपादनात शब्दांचा क्रम बदलल्याची खूण म्हणून ते वापरतात!

जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ॲपलने रोझेटा नावाचा दुभाषी दिला. मूळ तंत्र मँचेस्टरच्या ट्रान्झिटिव्ह कंपनीचं. तो पॉवरपीसीच्या आज्ञांचा एक गठ्ठा उचलायचा, इंटेलच्या भाषेत करायचा, आणि तोच गठ्ठा पुन्हा आला तर केलेलं भाषांतर वापरायचा. स्मृतीतून संख्या आणताना-ठेवताना बाइट उलटायचे, ही आईच्या पंच्याऐंशीसारखी कसरत सेकंदाला लाखो वेळा. त्यातून पॉवरपीसीजवळ हाताशी 32 रजिस्टर (चालू कामाचे आकडे ठेवायचे चिपमधलेच कप्पे), तर इंटेलच्या तेव्हाच्या 32-बिट चिपमध्ये आठच. बत्तीस डब्यांचा स्वयंपाक आठ डब्यांच्या ओट्यावर करायचा, तर फळीवरून काढ-घाल आलीच. म्हणून फोटोशॉपवाले कुरकुरायचे. त्यांना इंटेलसाठी बांधलेली सीएस3 आवृत्ती मिळाली एप्रिल 2007 मध्ये. तोवर नव्या कोऱ्या यंत्रावर दुभाष्यामार्फतच काम.

आणि दुभाष्याला सगळंच येत नव्हतं. मॅक ओएस 9 च्या काळातले प्रोग्रॅम पॉवरपीसीवर ‘क्लासिक’ नावाच्या सोयीतून चालत. इंटेल मॅकवर ती सोयच नव्हती. सगळ्यात मोठा फटका मात्र ज्यांनी ऑक्टोबर 2005 मध्ये, बदल जाहीर झाल्यावर, 3,299 डॉलरचा चार गाभ्यांचा (गाभा म्हणजे कोर, चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) पॉवरमॅक जी5 घेतला त्यांना बसला. ऑगस्ट 2009 च्या स्नो लेपर्ड या मॅक ओएसच्या आवृत्तीने पॉवरपीसी यंत्रांना दार बंद केलं. 2011 च्या लायन आवृत्तीतून रोझेटाही गेला, आणि ज्यांचा हिशेबाचा एखादा जुना प्रोग्रॅम कुणी नव्याने लिहिला नव्हता, त्यांनी जुनं यंत्र कोपऱ्यात तेवढ्यासाठी चालू ठेवलं.

2020 चा बदल त्यामानाने सोपा गेला. इंटेल आणि एम1 दोघेही ‘पंचवीस’वालेच, बाइट उलटायचे नव्हते. भांडण दुसरंच होतं. एका गाभ्याने स्मृतीत लिहिलेल्या दोन गोष्टी दुसऱ्या गाभ्याला त्याच क्रमाने दिसल्या पाहिजेत, याबाबत इंटेल कडक आहे आणि एआरएम, म्हणजे एम1 चं घराणं, सैल. ॲपलने आपल्या चिपमध्येच एक बटण ठेवलं: इंटेलचे प्रोग्रॅम चालवणारा नवा दुभाषी रोझेटा 2 चालू असेल तेव्हा कडक शिस्त, एरवी सैल. दुभाष्यासाठी चिपच थोडी वाकवली! हाही दुभाषी मॅकओएस 27 पर्यंत पूर्ण कामावर आहे, त्यानंतर काही जुन्या खेळांपुरताच उरणार.

मित्राकडे 2019 चा इंटेल मॅकबुक प्रो आहे. गेल्या रविवारी त्याने विचारलं, आता विकू का ठेवू? मी त्याला आधी हे विचारलं, की तुझा कोणता प्रोग्रॅम आता कुणीच नव्याने लिहिणार नाहीये?