नवा छोटा ट्रॅक्टर घेताना आणि त्याची अवजारं शिकताना

ट्रॅक्टर बघायला याल तेव्हा दोन गोष्टी सोबत आणा. एक, तुमच्या दोन ओळींमधलं टेपने मोजलेलं अंतर. दुसरी, वर्षभरात ट्रॅक्टरकडून करून घ्यायच्या कामांची यादी, महिन्यांसकट. अंतर पावलांनी मोजू नका आणि लागवडीच्या वेळचं आठवून सांगू नका. लागवड ९ फुटांवर असली तरी फांद्या, तारा आणि खांब यांनी त्यातलं किती खाल्लं आहे ते आज मोजायचं. एच.पी.चं बोलणं त्यानंतर.

हे सांगायचं कारण असं की पुणे जिल्ह्यात 'छोटा ट्रॅक्टर' म्हणून एकच ठरावीक माल विकता येत नाही. नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराला ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र, ओढणारा, तारांखालून जाणारा ट्रॅक्टर हवा असतो. पुरंदरला अंजीर-डाळिंबाच्या मुरमाड उतारावर पकड महत्त्वाची. इंदापूर-दौंडला उसाच्या सरीत चालायचं असतं, आणि मावळ, मुळशी, भोरकडे भाताच्या खाचरात चिखलणी करायची असते. चौघांचं बजेट एकच असलं तरी चौघांना एकच गाडी देणं बरोबर नाही. ज्याला एका बागेपुरतं काम आहे त्याने शेजाऱ्याकडे आहे म्हणून त्याच्यापेक्षा मोठी घेऊ नये, हे आम्ही विकणारे असूनही सांगतो.

माप आणि ताकद

रुंदी मोजताना ट्रॅक्टरची नव्हे, मागच्या अवजाराची धरा, आणि दोन्ही बाजूंना निदान फूटभर मोकळं सोडा. बागेच्या टोकाला वळायला किती जागा आहे तेही बघा. वाय पद्धतीच्या बागेत शेवटच्या खांबाच्या ताणाच्या तारा नेमक्या तिथेच जमिनीत गेलेल्या असतात. मांडवाची बाग असेल तर उंचीही मोजा. उभा सायलेन्सर आणि चालकाच्या मागची सुरक्षा कमान या दोन गोष्टी मांडवात अडकतात. कमान दुमडणारी आणि सायलेन्सर आडवा असलेली मॉडेलं मिळतात.

बॉनेटवर लिहिलेला एच.पी. इंजिनाचा असतो. रोटर (फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार) आणि ब्लोअर फिरतात ते पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथे पोचणारी ताकद त्याहून कमी असते. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद आणि मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता दोन्ही दिलेली असतात. तो अहवाल मागून घ्या, आमच्याकडेही मागा.

ढोबळ मानाने २० ते २४ एच.पी.ला ४ फुटांच्या आतला रोटर शोभतो. रोटर मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा झाकेल इतका रुंद हवा, नाहीतर चाकोऱ्या तशाच दाबलेल्या राहतात. चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. ते जमत नसेल तर रोटर एका बाजूला सरकवून बसवता येतो.

इंदापूरकडच्या काळ्या जमिनीत खोल पलटी नांगरट आणि साखर कारखान्यापर्यंत भरलेली उसाची ट्रॉली, ही दोन कामं छोट्या ट्रॅक्टरची नव्हेत. नांगरटीला वर्षातून एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगा. तेवढ्यासाठी दुप्पट किमतीची गाडी वर्षभर गोठ्याशेजारी उभी ठेवण्यात काही अर्थ नाही.

कागद

अनुदान घ्यायचं असेल तर आधी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल अनुदानाला चालत नाही, आणि आम्ही तारीख बदलून देत नाही. अर्जाला शेतकरी ओळख क्रमांक लागतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाज कल्याण विभागाची ९ ते १८ अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरची वेगळी योजना आहे, तिची चौकशी त्याच खात्याकडे करा. ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर तो बघून घ्या. नोंदणी तुमच्या पत्त्याप्रमाणे पुणे, पिंपरी-चिंचवड किंवा बारामतीच्या आरटीओत होते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, हे बरेच जण विसरतात.

पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला आणि दसऱ्याला गाडी नेणाऱ्यांची रांग असते. मुहूर्त जरूर साधा. फक्त त्या दिवशी आमच्या माणसाकडून शिकवणीची अपेक्षा ठेवू नका, तो दिवसभर हार घालण्यात असतो. शिकवणीचा दिवस आधीच ठरवून घ्या.

अवजार जोडणं

दुरुस्तीला येणाऱ्या रोटरांत पाती झिजलेले कमी आणि चुकीचे जोडलेले जास्त असतात. त्यामुळे हा भाग सावकाश वाचा, आणि ट्रॅक्टर चालवणारा दुसरा कोणी असेल तर त्यालाही वाचायला द्या.

आधी पिना. छोट्या ट्रॅक्टरला पहिल्या श्रेणीची जोडणी असते: खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, टॉप लिंकची, म्हणजे वरच्या मधल्या दांड्याची, १९ ची. मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजाराला त्या २८ आणि २५ च्या असतात. भावकीतला मोठा रोटर एक दिवसासाठी मागून आणून बसवायचा बेत इथेच फसतो. तो पिना बदलून बसवला, तरी त्याचं वजन पुढची चाकं उचलतं.

जोडताना सपाट जागा निवडा. आधी डावा खालचा हात, मग उजवा, कारण उजव्याची उंची हँडलने फिरवून जुळवता येते. मग टॉप लिंक, सगळ्यात शेवटी पीटीओची ताकद अवजाराला देणारा पीटीओ शाफ्ट. काढताना बरोबर उलट क्रम. खालच्या हातांच्या साखळ्या अशा आवळा की रोटर उचलल्यावर टायरला घासणार नाही.

शाफ्टची लांबी हा सगळ्यात महागात पडणारा विषय. नव्या रोटरसोबत येणारा शाफ्ट प्रत्येक ट्रॅक्टरला बेताचा असेलच असं नाही. तो लांब असेल तर रोटर वर-खाली होताना एका टप्प्यावर आतली नळी तळाला टेकते आणि सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर किंवा रोटरच्या गिअरबॉक्सवर येतो. आखूड असेल तर रोटर पूर्ण उचलल्यावर दोन नळ्या एकमेकींत जेमतेम अडकलेल्या राहतात आणि फिरताना निसटतात. म्हणून इंजिन बंद ठेवून रोटर सर्वांत खाली, मधोमध आणि सर्वांत वर अशा तिन्ही जागी बघायचं. कुठेही नळी टेकता कामा नये, आणि कुठेही एकमेकींतली पकड नळीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी होता कामा नये. कापायची वेळ आली तर आतली आणि बाहेरची नळी सारख्याच मापाने कापायची, वरचं प्लास्टिकचं आवरणही तेवढंच. आवरण काढून फेकू नका. दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच रेषेत आहेत ना तेही बघा, नाहीतर शाफ्ट धडधडतो आणि जॉइंटमधले क्रॉस लवकर जातात.

शाफ्टमधला किंवा गिअरबॉक्सजवळचा सुरक्षा बोल्ट तुटला तर त्याच जातीचा नवा घाला. दगड लागल्यावर तुटणं हेच त्याचं काम आहे. त्याजागी टणक बोल्ट ठोकला की पुढच्या दगडाला गिअर तुटतो.

टॉप लिंकने रोटरचा कल जुळवायचा. काम करताना त्याच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि ट्रॅक्टरचा पीटीओ जमिनीला समांतर हवेत. खोली बाजूच्या पट्ट्यांनी ठरवा, लिफ्टचा दांडा हातात धरून नव्हे. नांगराला मात्र दांडा वेगळा: ओढ वाढली की लिफ्ट आपोआप थोडी उचलते, तो नियंत्रणाचा दांडा नांगर-मोगड्यासाठी. रोटर आणि ब्लोअरसाठी जागा धरून ठेवणारा. दोन्ही दांडे शेजारी-शेजारी असतात आणि पहिल्या आठवड्यात हमखास गोंधळ होतो, म्हणून शिकवणीत आम्ही दोन्ही तुमच्याकडूनच चालवून घेतो.

रोटर

पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालवायचा. इंजिनाच्या मीटरवर त्याची खूण असते, काटा तिथे ठेवा. माती किती बारीक व्हावी ते गिअरने ठरवा: हळू चाललात तर भुगा, थोडं वेगात चाललात तर खडबडीत. कांद्याच्या वाफ्याला भुगा हवा, पण सरीसाठी इतका बारीक कशाला? पहिल्या पावसात त्याचाच थर बसतो. वाफसा नसताना रोटर घालू नका. ओल्या मातीचे गोळे होतात आणि कोरड्या ढेकळांवर पाती व डिझेल दोन्ही झिजतात.

वळताना रोटर उचला. तो मातीत असताना वळू नका आणि मागेही येऊ नका. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरेन्शिअल लॉकही सरळ चालतानाच, वळताना नाही.

हरळी किंवा कुंदा असलेल्या रानात रोटरने साफसफाई होते असं वाटतं. प्रत्यक्षात तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा रुजतो. तिथे उन्हाळ्यात नांगरट करून मुळ्या तापू द्या, वेचा. आणि दरवर्षी नुसता रोटरच फिरवला तर पात्यांच्या खाली काही इंचांवर घट्ट थर तयार होतो. पाणी त्यावर साचतं, मुळं आडवी जातात. मोठ्या ट्रॅक्टरची भाड्याची नांगरट म्हणूनच अधूनमधून लागते.

ब्लोअर

ब्लोअरचा सौदा करताना लोक टाकीचे लिटर विचारतात. विचारायला हवं ते एकराला किती पाणी पडणार हे, आणि ते तुमच्या बागेतच मोजता येतं. टाकीत साधं पाणी काठोकाठ भरा, नेहमीचा गिअर आणि नेहमीचा दाब ठेवून बागेत १०० मीटर फवारत जा, मग टाकी पुन्हा काठापर्यंत भरायला किती लिटर लागले ते मापाच्या बादलीने मोजा. भरताना दोन्ही वेळा ट्रॅक्टर एकाच सपाट जागी उभा हवा.

एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ९ फुटांच्या ओळीत एकरात साधारण १४७५ मीटर चालावं लागतं. १०० मीटरला १८ लिटर लागले असतील तर एकराला २६५ लिटर पडतील. तेच ओळींमधलं अंतर ८ फूट असेल तर चालणं १६६० मीटर आणि पाणी ३०० लिटरच्या आसपास. म्हणजे शेजाऱ्याच्या मापाने औषध टाकलं तर तुमच्या बागेत ते कमी किंवा जास्त होणार. छाटणीनंतर आणि पानं भरल्यावर, दोन्ही वेळा हे पुन्हा मोजा, कारण गरज बदलते.

२०० लिटरची टाकी म्हणजे पाण्याचंच २०० किलो मागे लोंबतं. पुरंदरच्या चढावर पुढची चाकं हलकी होतात, पुढचं वजन लावल्याशिवाय भरलेली टाकी चढावर नेऊ नका. काम झालं की टाकी, गाळण्या आणि नोझल त्याच दिवशी धुवा. दुसऱ्या दिवशी औषध सुकलेलं असतं.

बाकीची अवजारं थोडक्यात

सरी रेजर पहिल्यांदा दोरी आखून चालवा. पहिली सरी वाकली की शेवटपर्यंत वाकडीच. पेरणी यंत्राचं बियाणं घरी चाक फिरवून, पोत्यावर पाडून मोजा आणि मगच रानात जा. चिखलणीची लोखंडी चाकं लावून डांबरी रस्त्यावर यायचं नाही, आणि खाचरातून बाहेर आल्यावर पुढचा एक्सल धुऊन ग्रीस भरायचं. चारही चाकांची ओढ रानात घ्या, रस्त्यावर काढा, नाहीतर पुढचे टायर उगाच झिजतात.

ट्रॉली फक्त खालच्या हुकाला. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून काही ओढलं तर ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि तो इतक्या पटकन उलटतो की उडी मारायला वेळ मिळत नाही. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पट्टीने एकत्र जोडा. उतारावर न्यूट्रल करू नका. कमान उभी असेल तर सीटचा पट्टा लावा. कमान दुमडलेली किंवा काढलेली असेल तर पट्टा लावू नका.

पीटीओ फिरत असताना खाली उतरायचं नाही, शाफ्ट ओलांडायचा नाही. धोतर, उपरणं, पदर, ओढणी, मफलर यांपैकी काहीही शाफ्टपाशी नको. आणि मडगार्डवर नातवंड बसवून फेरी मारण्याची हौस तेवढी बाजूला ठेवा.

पहिले ५० तास

पहिली सर्व्हिस ५० तासांवर. मीटर बघा, महिने मोजू नका. रोटरच्या दिवसांत एअर क्लीनर आणि रेडिएटरपुढची जाळी रोज बघायची. धूळ आणि भुस्सा तिथेच बसतो आणि इंजिन तापतं. रोटरच्या पात्यांचे बोल्ट पहिल्या दिवसाच्या शेवटी पुन्हा आवळा, नवे असताना ते हमखास सैल होतात. डिझेल संध्याकाळी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री पाणी धरतं.

शिकवणी तुमच्याच शेतात देतो, दुकानासमोरच्या डांबरावर नाही. त्या दिवशी रानात वाफसा असू द्या, घेतलेली सगळी अवजारं हजर ठेवा आणि जो रोज ट्रॅक्टर चालवणार आहे तो माणूस हजर ठेवा. मालक एकटेच शिकले आणि दुसऱ्या दिवशी गडी चालवायला बसला असं होऊ देऊ नका. घरातल्या ताई चालवणार असतील तर त्यांनी स्वतः सीटवर बसावं, बांधावरून बघू नये. एका वेळी एकच अवजार शिकवतो. दुसऱ्यासाठी तारीख नंतरची देतो, मधल्या दिवसांत पहिलं हाताखालून जाऊ द्या आणि काय अडलं ते कागदावर लिहून ठेवा.