केट्स माउंटन क्लोव्हर
केट्स माउंटन क्लोव्हर (शास्त्रीय नाव ट्रायफोलियम व्हर्जिनिकम) हा अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरांतला दुर्मिळ रानटी क्लोव्हर. पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया ही चार राज्यं सोडली तर जगात कुठेच आपणहून उगवत नाही. आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात ते बरसीम याच ट्रायफोलियम प्रजातीतलं. १८९२ मध्ये जॉन के. स्मॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाला हा क्लोव्हर वेस्ट व्हर्जिनियात, व्हाइट सल्फर स्प्रिंग्जजवळच्या केट्स माउंटनवर सापडला, नाव तिथूनच पडलं.

झाड जमिनीला चिकटून पसरतं. पानं तीन-तीनच असतात पण अरुंद आणि लांबट, त्यामुळे क्लोव्हर म्हणून कुणी गोल पानं शोधत बसला तर पायाशी असून दिसायचा नाही. एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत पांढरट फुलांचे गेंद येतात. मुळं मात्र जाड आणि चांगलीच खोल.

खरी इंटरेस्टिंग गोष्ट म्हणजे त्याची जागा. तो उगवतो ते उतार शेल या ठिसूळ, पातळ थरांच्या खडकाचे, बहुतेक दक्षिणेकडे नाहीतर पश्चिमेकडे तोंड केलेले, ॲपलेशियनमधल्याच ॲलेगनी डोंगरांच्या पर्जन्यछायेत येणारे. खालून ओढा उताराचा पायथा पोखरत असतो म्हणून वरच्या खडकाच्या कपच्या सारख्या घसरत राहतात, माती धरतच नाही, आणि उन्हाळ्यात पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो तेव्हा नुकती रुजलेली कोवळी रोपं भाजूनच मरतात. एकदा का मूळ खालच्या गार, ओलसर थरात पोचलं की झाड टिकतं. या जागांना ‘शेल बॅरन’ (बॅरन म्हणजे उजाड) हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ एडवर्ड स्टील यांनी १९११ मध्ये दिलं.

मग असल्या भट्टीतच का राहायचं? रॉबर्ट प्लॅट या संशोधकाने १९५१ मध्ये या उतारांवरच्या खास वनस्पतींचा अभ्यास छापला, त्यातून दिसलं की तिथल्या मातीत काही वेगळं लागतं म्हणून त्या तिथे नाहीयेत, त्यांना सावली सोसत नाही एवढंच. मोठी झाडं घसरत्या तापलेल्या उतारावर नीट वाढत नाहीत, म्हणून ऊन मोकळं मिळतं. त्यामुळे ‘उजाड डोंगर’ समजून तिथे वृक्षारोपण करणं किंवा दरड थांबवायला उतार बांधून काढणं म्हणजे या क्लोव्हरला मारणंच आहे, आणि हे चांगल्या हेतूने होतं याचंच जास्त वाईट वाटतं. बाकी धोके नेहमीचेच: शेलच्या खाणी, रस्ते, चरणारी हरणं, बाहेरून आलेलं नॅपवीड तण.

केट्स माउंटनचा काही भाग आता ग्रीनब्रायर स्टेट फॉरेस्टमध्ये येतो. बघायला जायचं तर मे महिना बरा, पण उतारावर चढू नये, कपच्या पायाखालून सुटल्या की रोपं मुळासकट उपटून खाली येतात.