सांधेरोपणातलं पॉलिइथिलीन

खुबा किंवा गुडघा बदलला की आत धातू बसवतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो धातू ज्याच्यावर घासत फिरतो ते पांढरं प्लॅस्टिक असतं (बहुतेक इम्प्लांटमधे तरी) आणि सांधा किती वर्षं जाणार ते बरंचसं त्याच्यावरच ठरतं. ऑर्थोपेडिकवाले त्याला नुसतं पॉली म्हणतात. पूर्ण नाव अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिइथिलीन, म्हणजे जात कॅरीबॅगचीच पण रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब, रेणुभार साधारण 20 ते 60 लाख.

सुरुवात झाली इंग्लंडमधे, राइटिंग्टन हॉस्पिटलात. तिथले सर्जन जॉन चार्नली आधी खुब्यात टेफ्लॉनच्या वाट्या बसवायचे, गुळगुळीत म्हणून, पण त्या दोन-तीन वर्षांत झिजल्या आणि सुमारे 300 पेशंटचे खुबे वाया गेले. झिजेच्या कणांनी नक्की काय होतं ते बघायला चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं होतं, हे मला फार मोठं वाटतं. नंतर त्यांचे टेक्निशियन हॅरी क्रेव्हन यांच्या हाती पॉलिइथिलीनचा तुकडा आला, चार्नलींनी तो उडवूनच लावला, तरी क्रेव्हननी मशीनवर लावून बघितला आणि तो टेफ्लॉनपेक्षा कितीतरी कमी झिजला. नोव्हेंबर 1962 पासून तो पेशंटमधे जायला लागला.

पॉली झिजून पार पातळ होते ही अडचण तशी दुय्यम, खरा त्रास तिच्या भुकटीचा. कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक, शरीरातल्या मॅक्रोफेज पेशी ते गिळतात पण पचवता येत नाहीत, मग त्या जे सिग्नल सोडतात त्याने आजूबाजूचं हाडच विरघळायला लागतं आणि चांगला बसलेला सांधा हलायला लागतो. याला ऑस्टिओलिसिस म्हणतात. बरीच वर्षं याचा दोष बोन सिमेंटवर (इम्प्लांट हाडात पक्कं बसवायचा लगदा) टाकला जायचा, सिमेंट डिसीज असं नावही पडलं होतं.

त्यात निर्जंतुक करायची पद्धतच नडली. हवेत 25 ते 40 किलोग्रे (किरणांच्या डोसचं एकक) गॅमा किरण मारले की साखळ्या तुटून फ्री रॅडिकल, म्हणजे जोड शोधणारी मोकळी टोकं, उरतात, त्यांना ऑक्सिजन चिकटतो, आणि पाकीट कपाटात नुसतं पडून राहिलं तरी माल ठिसूळ होत जातो. हे नीट कळल्यावर 1990च्या दशकात नायट्रोजन किंवा व्हॅक्यूमचं पॅकिंग आलं.

मोठी सुधारणा मात्र त्याच किरणांनी झाली. डोस मुद्दाम 50 ते 100 किलोग्रेपर्यंत वाढवला की तुटलेल्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, याला क्रॉसलिंकिंग म्हणतात, आणि खुब्यातली झीज खूपच कमी होते. उरलेले रॅडिकल घालवायला माल तापवतात. वितळेपर्यंत तापवला तर रॅडिकल जवळपास संपतात पण ताकद कमी होते, थोडं कमी तापवला तर ताकद राहते पण रॅडिकलही राहतात. यातून वाट काढली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ओरहुन मुरातोग्लू वगैरे मंडळींनी, पॉलीत व्हिटॅमिन ई मुरवून, कारण ते रॅडिकल शांत करतं आणि वितळवायची गरजच उरत नाही. अशी पॉली 2007च्या सुमारास वापरात आली.

गुडघ्याला हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. खुब्यात गोळा वाटीत नीट बसतो, गुडघ्यात भार छोट्या जागेवर येतो आणि सरकतो, त्यामुळे तिथे पॉलीला खड्डे पडतात, पापुद्रे सुटतात, म्हणून क्रॉसलिंकिंग किती करायचं ते तिथे फार जपून ठरवावं लागतं.