कुत्र्यांमधील काचबिंदू: पार्श्वभूमी

एका डोळ्याची दृष्टी गेलेला कुत्रा दुसऱ्या डोळ्याच्या भरवशावर घरात इतका सराईतपणे वावरतो की, मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे डोळ्यातील दाब मोजण्याची साधने हाती येईपर्यंत प्राण्यांमधील काचबिंदू बहुधा अंधत्व आल्यावरच ओळखला जाई. डोळ्याच्या पुढील भागात सतत तयार होणारा द्रव बुबुळ आणि पारपटल (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा) यांच्यामधील कोनातून झिरपून बाहेर जातो; ही वाट अडली की दाब वाढतो आणि दृष्टिचेतेची, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेची, हानी होते. तीव्र झटक्यात तर एकदोन दिवसांतच दृष्टी कायमची जाऊ शकते.

बर्लिनचे नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये माणसांतील तीव्र काचबिंदूवर शस्त्रक्रियेचा उपाय मांडला, तेव्हाही दाबाचा अंदाज बोटांनी डोळा चाचपूनच घ्यावा लागे. नॉर्वेचे यालमार शियॉट्झ यांचा १९०५ चा टोनोमीटर, म्हणजे डोळ्यातील दाब मोजणारे उपकरण, पुढे पशुवैद्यांनीही स्वीकारला, परंतु तो पारपटलावर उभा टेकवावा लागत असल्याने कुत्र्याचे नाक छताकडे धरून ठेवावे लागे. हातात मावणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आल्यावरच ही तपासणी दवाखान्यात सहज होऊ लागली.

आजार आनुवंशिक असल्याचे आकलन वेगळ्या वाटेने झाले. अमेरिकन पशुनेत्रतज्ज्ञ कर्क गेलाट यांनी १९७२ मध्ये बीगल कुत्र्यांच्या एका वंशातील काचबिंदूचे वर्णन केले. या कुत्र्यांत कोन सुरुवातीला उघडाच असतो आणि दाब हळूहळू वाढतो. माणसांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराशी असलेल्या या साधर्म्यामुळे त्यांच्यावर अनेक दशके संशोधन झाले आणि २०११ मध्ये एडीएएमटीएस१० या जनुकातील दोष समोर आला. बॅसेट हाउंड व अमेरिकन कॉकर स्पॅनियल यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यात कोनाची जन्मजात सदोष रचना वर्षानुवर्षे निमूट राहते आणि मध्यम वयात दाब एकाएकी उसळतो. मांजरांत मात्र काचबिंदू बहुधा डोळ्यातील दाह किंवा गाठीमागून येतो, तर घोड्यांत वारंवार उद्भवणाऱ्या दाहामागून.

माझ्या मते सर्वांत मोलाची भर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री चाचणीने घातली. एका डोळ्याला बंद कोनाचा काचबिंदू झालेल्या कुत्र्यांच्या निरोगी डोळ्यात औषधाचे थेंब घातल्यास तेथील आजार सरासरी ८ महिन्यांऐवजी सुमारे ३१ महिन्यांनी उद्भवतो, असे तीत आढळले. तेव्हापासून दुखऱ्या डोळ्याइतकेच लक्ष दुसऱ्या डोळ्याकडे देण्याची रीत पशुवैद्यकात दृढ झाली.