बेलवलकर नुसते बिचारे नव्हेत

नाशिकमध्ये एकपात्री स्पर्धेला जाऊन बसावं, तर ‘नटसम्राट’ नाटकातले म्हातारे नट आप्पासाहेब बेलवलकर भेटतातच. थरथरता हात, खोल गेलेला आवाज, घरासाठी केलेली याचना. पोरं जीव ओतून करतात. पण त्यातून बहुधा पोरांनी टाकलेला एक बिचारा म्हातारा उभा राहतो. याच गावात राहून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेले आप्पा त्याहून फार अवघड आहेत, आणि त्यांच्यामागे मराठी शोकांतिकेची शंभर वर्षांची वाट आहे.

संस्कृत नाट्यपरंपरेला रंगमंचावरचा मृत्यू मान्य नव्हता. भासाचं ‘ऊरुभंग’ हा अपवाद: मांडी मोडलेला दुर्योधन मरता मरता निवळत जातो. पण भासाची ही नाटकं विसाव्या शतकाच्या आरंभी केरळात सापडली. तोवर मराठीने शोकांतिका शेक्सपिअरकडून घेतली होती. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ आणलं. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’ला नाव दिलं ‘विकारविलसित’, आणि मला हे नाव फार मोलाचं वाटतं. नाशाचं कारण दैवात किंवा खलनायकात नाही, माणसाच्या स्वतःच्या विकारात आहे, हे त्या एका शब्दातच आलं. पुढे देवलांचा ‘झुंझारराव’ आला.

१९१९ साली गडकऱ्यांचा सुधाकर रंगभूमीवर आला. ‘एकच प्याला’ हे दारूवरचं नाटक म्हणून ओळखलं जातं, पण सुधाकरचा घात पहिला पेला ओठाला लागण्याआधीच झालेला असतो. तो बुद्धिमान आहे आणि कमालीचा मानी आहे. कोर्टातल्या खटक्यात त्याची वकिलीची सनद काही काळ रद्द होते, ती या मानीपणामुळेच. ज्या स्वाभिमानामुळे तो मोठा, त्याच स्वाभिमानाला अपमान सोसत नाही.

शिरवाडकरांची तयारी दीर्घ होती. ‘दुसरा पेशवा’मधला बाजीराव (१९४७), ‘कौंतेय’मधला कर्ण (१९५३), मग ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ (१९५४), नंतर ‘ऑथेल्लो’. कर्ण तर बेलवलकरांचा थोरला भाऊच म्हणावा, दोघांचं दातृत्वच त्यांना बुडवतं. त्याच काळात नाशिकच्याच हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे वसंत कानेटकर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मध्ये संभाजीराजांना बखरींतल्या बदनामीतून बाहेर काढून बापाच्या मायेला आसुसलेला मुलगा म्हणून पाहत होते. एका गावात दोन नाटककार एकाच प्रश्नाशी झुंजत होते, हे नाशिककर म्हणून मला आजही विलक्षण वाटतं.

नटवर्य नानासाहेब फाटकांनी शिरवाडकरांना शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ मराठीत करायला सुचवलं होतं. त्या विचारातून झालं मात्र स्वतंत्र नाटक. राजाच्या जागी नट आला, आणि तिथेच सगळं पालटलं. लिअर राज्य वाटताना मुलींकडून प्रेमाचे शब्द मागतो. आप्पा काहीच मागत नाहीत, सर्वस्व देऊन मोकळे होतात. पण त्या देण्यातही रंगमंचावरचा दिमाख आहे. आयुष्यभर राजे-सरदार वठवलेल्या या माणसाला मुलाच्या घरात साधा सासरा होऊन वावरता येत नाही. तोंडात शिव्या, नातीला लावलेलं नाटकी वळण, आवाज कायम शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. सुनेची बाजू ऐकली तर तीही अगदीच खोटी नाही. त्यांना समजून घेतात त्या एकट्या कावेरी, ज्यांना ते ‘सरकार’ म्हणतात. आणि त्या आधी जातात.

१९७० च्या डिसेंबरात डॉ. श्रीराम लागूंनी ही भूमिका उभी केली. लिअरवर खरी माया करणारी त्याची धाकटी मुलगी कॉर्डेलिया इथे नाही. मुलीच्या घरून चोरीचा आळ घेऊन निघालेल्या या सम्राटाला फुटपाथवर आधार देतो तो बूटपॉलिश करणारा एक पोरगा. शिरवाडकरांनी त्याचं नाव ठेवलं आहे राजा.