विधुर नायकाची प्रेमकादंबरी : हस्तलिखित देण्यापूर्वी लेखकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे संपादनासाठी आणि मुद्रितशोधनासाठी येणाऱ्या कादंबऱ्यांत पत्नीच्या निधनानंतर पुन्हा प्रेमात पडणाऱ्या पुरुषाची कथा वरचेवर येते, आणि तीत अडकणाऱ्या जागाही बहुतेक त्याच त्या असतात. शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि वाक्यरचना पाहणे हे आमचे कामच आहे. मात्र कथेच्या मुळाशी असलेली उणीव शेवटच्या प्रुफावर भरून काढता येत नाही. म्हणून हस्तलिखित आमच्याकडे सोपवण्यापूर्वी आपण कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात, याची माहिती या पत्रकात दिली आहे.

आमची सर्वांत महत्त्वाची सूचना दिवंगत पत्नीविषयी आहे. बहुसंख्य हस्तलिखितांत ती भिंतीवरच्या तसबिरीपलीकडे जात नाही. ती सोशिक, सुगरण आणि निर्दोष असते, आणि अखेरच्या आजारात पतीचा हात हाती घेऊन ‘माझ्यामागे एकटे राहू नका’ असे सांगून जाते. हा प्रसंग आम्ही जवळजवळ प्रत्येक वेळी काढून टाकण्याची विनंती करतो. तो खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही, कारण प्रत्यक्षात असे बोलून गेलेल्या स्त्रिया असतातच. परंतु एकदा तिने परवानगी दिली की नायकाला स्वतः काही ठरवावेच लागत नाही, आणि पुढची दोनशे पाने त्या परवानगीच्या अंमलबजावणीची उरतात. त्याऐवजी तिचा हट्ट, तिचे अर्धवट राहिलेले भांडण, भिशीचे तिने परस्पर भरलेले पैसे किंवा नणंदेशी धरलेला अबोला असे काहीतरी द्यावे. ज्या स्त्रीवर वाचकाला कधी रागावता येते, तिचीच उणीव त्याला पुढे भासते, आणि मग दुसरी स्त्री दारात येते तेव्हा घरात खरोखर कोणाची तरी जागा रिकामी असल्याचे जाणवते.

मराठी वाचकाच्या मनात या विषयाचा जुना साठा आहे, याचेही भान ठेवावे लागते. देवलांचे ‘शारदा’ नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले आणि उतारवयात बोहल्यावर चढायला निघालेला श्रीमंत भुजंगनाथ हा कायमचा हशाचा आणि संतापाचा विषय झाला. आपला नायक साठीचा असेल आणि नायिका तिशीची असेल, तर वाचक त्याच्याकडे आधी याच नजरेने पाहणार, आणि ते त्याचे चुकले असे आम्हांला वाटत नाही. वयातले अंतर कथेला आवश्यक असल्यास कथेतील इतर माणसांनी त्याविषयी मोकळेपणाने, प्रसंगी बोचरे बोलावे; लेखकाने ते अंतर गालिच्याखाली सारू नये.

कथा एकोणिसाव्या शतकात घडत असेल तर दोन खऱ्या विधुरांची उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई १८७३ साली वारल्या. सुधारक स्नेह्यांच्या आग्रहामुळे ते एखाद्या विधवेशी विवाह करतील या धास्तीने वडिलांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचे लग्न लावून दिले, आणि रानड्यांनी मनाविरुद्ध ते मान्य केले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ साली गेल्या. पुन्हा विवाह करायचा तर विधवेशीच, असे ठरवून त्यांनी १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या, बालपणीच विधवा झालेल्या गोदूबाईंशी पुण्यात विवाह केला, आणि त्यापायी मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. विधुराला पुन्हा लग्न करण्यास कधीच आडकाठी नव्हती. त्याने कोणाशी करावे यावरच सारा वाद होता, आणि विधवांच्या पुनर्विवाहाला १८५६ सालापासून कायद्याची संमती असूनही समाजाची संमती त्यांना मिळत नव्हती. ऐतिहासिक कादंबरीतल्या विधुराला ‘लोक काय म्हणतील’ या काळजीने रात्र रात्र जागवायचे असेल, तर तो कोणत्या स्त्रीशी लग्न करू पाहतो हे आधी निश्चित करावे लागते. कर्व्यांचा थोरला मुलगा रघुनाथ वडिलांच्या दुसऱ्या विवाहाच्या वेळी साधारण अकरा वर्षांचा होता. अशा वयाच्या मुलाला घरात नव्याने आलेली स्त्री कशी दिसत असेल, हे आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत फारसे वाचायला मिळत नाही. मुले बहुधा पहिल्या प्रकरणात रडतात आणि शेवटच्या प्रकरणात तिला ‘आई’ म्हणतात.

आजच्या काळातील कथेत मोठ्या भाषणांपेक्षा घरातील रीतिरिवाज अधिक उपयोगी पडतात. उदाहरणादाखल पितृपंधरवड्यातील अविधवा नवमी घ्यावी. पतीच्या हयातीत निवर्तलेल्या स्त्रीचे श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीला केले जाते आणि त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरण्याची पद्धत अनेक घरांत आहे. नव्या पत्नीच्या पहिल्याच वर्षी ही तिथी येते तेव्हा स्वयंपाक कोण करणार, दिवंगत पत्नीची आवडती भाजी कोणती हे तिला कोण सांगणार आणि सवाष्ण म्हणून कोणाला बोलावणार, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. आमच्या सल्ल्यानंतर एका लेखिकेने हा प्रसंग नव्याने लिहिला. त्यात नवी पत्नी घोसाळ्याची भजी तळताना सासूला विचारते, ‘त्यांना ओवा चालायचा का?’ आणि सासूबाई पहिल्यांदाच तिच्याशी सूनबाई म्हणून बोलतात. मूळ मसुद्यात याच जागी सासूचा हृदयपरिवर्तनाचा दीड पानी संवाद होता.

सरकारी कागद ही दुसरी तितकीच सकस जागा आहे, आणि चुकाही तेथेच सर्वाधिक होतात. विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये लग्न करायचे असल्यास दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य केलेले असावे लागते. विवाह अधिकाऱ्याकडे दिलेली नोटीस कार्यालयात लावली जाते, आक्षेपांसाठी तीस दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. त्यामुळे नायक-नायिकेने सकाळी ठरवून दुपारी रजिस्टर लग्न केले, असे लिहिता येणार नाही. उलट हे तीस दिवस कथेला फार उपकारक आहेत, कारण फलकावरची नोटीस कोणीही वाचू शकतो, नायकाची थोरली मुलगीसुद्धा. नोटिशीच्या नमुन्यात वैवाहिक स्थितीचा रकाना असतो, तेथे ‘विधुर’ असे लिहावे लागते आणि सोबत पहिल्या पत्नीचा मृत्यू दाखला जोडावा लागतो. त्या दाखल्यावर तिचे नाव एक आणि जुन्या विवाह प्रमाणपत्रावर दुसरे असेल, तर खिडकीपलीकडचा कारकून ‘ह्या दोघी एकच का?’ असे निर्विकारपणे विचारील, आणि त्या प्रश्नाला उत्तर देताना नायकाची जी तारांबळ उडेल ती लेखकाने सविस्तर लिहावी.

अन्नसुरक्षा योजनेखालील शिधापत्रिकेवर घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख असते, ही २०१३ च्या कायद्यातील तरतूद आहे. अशा घरातली पत्नी गेली आणि दुसरी सज्ञान स्त्री नसेल, तर पुरुष कुटुंबप्रमुख होतो. नवी पत्नी आल्यावर पत्रिकेवरचा तो मान तिच्याकडे जातो. घरात तिला अजून देवघराच्या किल्ल्याही मिळालेल्या नसताना रास्त भाव दुकानात मात्र ती कुटुंबप्रमुख असते, हा विरोधाभास आजवर एकाही हस्तलिखितात आमच्या पाहण्यात आलेला नाही.

मालमत्तेविषयी थोडक्यात सांगायचे तर मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या हिंदू स्त्रीच्या नावावरील घरात पती, मुलगे आणि मुली हे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे एकत्र वारस ठरतात, आणि पुढे पतीही मृत्युपत्राविना गेला तर त्याच्या हिश्शात दुसऱ्या पत्नीला मुलांच्या बरोबरीने वाटा मिळतो. सोसायटीकडे केलेले नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. मुलांचा विरोध लिहिताना ही माहिती हाताशी असावी. त्यांच्या बोलण्यात आईच्या आठवणी आणि सदनिकेचा हिस्सा एकमेकांत मिसळलेले असतात, आणि कोणते दुःख किती हे त्यांचे त्यांनाही सांगता येत नाही. मुलांना निव्वळ लोभी ठरवले की कथा मालिकेच्या वळणावर जाते.

नायिकाही विधवा असल्यास निवृत्तिवेतनाचा विचार करावाच लागतो. केंद्र सरकारच्या नियमांनुसार विधवा किंवा विधुर जोडीदाराचे कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत मिळते; अपत्यहीन विधवेला, तिचे अन्य उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर, पुनर्विवाहानंतरही ते चालू राहते. दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम सोडून देऊन लग्न करायचे, की लग्नाविना एकत्र राहून शेजाऱ्यांची बोलणी ऐकायची, हा पेच अनेक उतारवयीन जोडप्यांसमोर खरोखरच असतो. स्वतःच्या पैशांवर उभी असलेली स्त्री तो कसा सोडवते, यातून तिचा स्वभाव जितका कळतो तितका तिच्या केसांतल्या मोगऱ्याच्या वर्णनातून कळत नाही. याच अनुषंगाने एक खबरदारी सुचवावीशी वाटते : नायिकेने नायकाच्या घरी पाऊल टाकताच ओटा आवरायला घेऊ नये. एकट्या पुरुषाचे अस्ताव्यस्त स्वयंपाकघर पाहून तिला माया दाटून येते, असा प्रसंग आमच्याकडे इतक्या वेळा आला आहे की तो दिसताच आम्ही समासात केवळ फुली करतो. नायकाला वरण-भाताचा कुकर लावता येऊ द्यावा. म्हणजे तिचे येणे ही त्याची सोय न राहता इच्छा होईल.

काळाचा हिशेब प्रकरणांच्या सुरुवातीलाच एका वेगळ्या कागदावर मांडून ठेवावा. निधन, वर्षश्राद्ध, पहिली दिवाळी, पहिली भेट आणि मुलांना सांगितल्याचा दिवस यांच्या तारखा जुळत नसल्याचे मुद्रितशोधनात लक्षात आले, तर अनेक प्रकरणे उलगडावी लागतात आणि खर्च वाढतो. वर्षश्राद्ध होण्याआधीच प्रेम जडणार असेल तर जरूर जडावे. मात्र ते लेखकाच्या हिशेबाने जडलेले असावे, चुकून नव्हे.

अशा कादंबऱ्यांत रेडिओवरचे जुने गाणे किंवा दिवंगत पत्नीच्या वहीतली कविता हमखास येते. कवीच्या निधनानंतर पुढील कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. बालकवींचे निधन १९१८ सालचे असल्याने त्यांच्या ओळी आपणांस मुक्तपणे घेता येतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या कवितांना २०५९ अखेरपर्यंत संरक्षण आहे. परवानगी मिळवणे शक्य नसल्यास गाण्याचा उल्लेख ठेवून ओळी गाळाव्यात.

हस्तलिखित युनिकोडमध्ये टंकलिखित केलेले असावे; जुन्या फॉन्टमधील मजकूर रूपांतरित करताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात व ते तपासण्याचा वेळ स्वतंत्रपणे आकारावा लागतो. सुरुवातीला पहिली तीन प्रकरणे, दिवंगत पत्नी मध्यवर्ती असलेले कोणतेही एक प्रकरण आणि दोन पानांचा कथासारांश पाठवावा. त्यांवरील आमचे लेखी अभिप्राय वाचून, संपूर्ण कादंबरीचे संपादन आमच्याकडे द्यायचे की नाही, हे आपण ठरवावे. डेमी आकारातील पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मच्या पटीत छापले जात असल्याने अंतिम पृष्ठसंख्या आणि खर्चाचा अंदाज संपादन पूर्ण झाल्यावरच दिला जातो.