मुक्त-स्रोत मोबाइल प्रणालींवरील कंपनी-नियंत्रण

मोबाइलच्या कार्यप्रणालीचा स्रोत कोणालाही उतरवून घेता येतो, बदलता येतो. तरी प्रत्यक्ष फोनवर काय चालेल हे एकच कंपनी ठरवते, अशी स्थिती. अँड्रॉइड हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण. गुगलने अँड्रॉइड बनवणारी कंपनी २००५ मध्ये विकत घेतली आणि २००८ मध्ये प्रणालीचा स्रोत खुला केला. त्यातील लिनक्स कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, जीपीएल २ परवाना आहे, म्हणजे बदल करून वाटणाऱ्याने बदललेला स्रोतही द्यावा लागतो. वरच्या बहुतेक भागाला अपाची २.० हा परवाना लागू आहे. त्यात असे बंधन नाही. बंद भाग जोडण्याची वाट इथेच मोकळी झाली.

एओएसपी या नावाने मिळणारा खुला स्रोत फोन सुरू करतो, कॉल लावतो, ॲप उघडतो. सूचना पोचवणारी एफसीएम सेवा, नकाशे आणि प्ले स्टोअर मात्र गुगलच्या बंद संचात आहेत. एफसीएमवर विसंबलेले गप्पांचे ॲप निव्वळ एओएसपीवर टाकले तर ते उघडते, निरोप जातोही. पण स्क्रीन बंद असताना आलेला निरोप ॲप पुन्हा उघडेपर्यंत कळत नाही. बॅटरी वाचावी म्हणून सर्व ॲप्सनी एकच सामायिक जोडणी वापरावी अशी रचना आहे, आणि ती जोडणी गुगलच्या सर्व्हरशी असते.

हा संच हवा असेल तर निर्मात्याला सुसंगततेच्या चाचण्या पार कराव्या लागतात आणि करार करावा लागतो. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये या करारांवर बोट ठेवले : प्ले स्टोअर हवे तर सर्च आणि क्रोमही आधीपासून बसवा, आणि गुगलची मान्यता नसलेल्या अँड्रॉइडवर चालणारे एकही उपकरण विकू नका. दंड ४.३४ अब्ज युरो झाला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो ४.१२५ अब्जांवर आणला. परवाना स्रोताची नक्कल करू देतो, पण ती विकणाऱ्या निर्मात्याच्या इतर सर्व फोनांवरून प्ले स्टोअर जाण्याची भीती असेल, तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहते.

सध्याचा सर्वांत घट्ट फास म्हणजे प्ले इंटेग्रिटी ही तपासणी. ॲप प्ले सर्व्हिसेसकडे (गुगलच्या बंद संचातील सेवांकडे) दाखला मागते. फोनमधील सुरक्षित भागातल्या किल्लीने सही केलेली माहिती गुगलकडे जाते. तिथून निकाल येतो आणि ॲपचा सर्व्हर तो पाहून प्रवेश देतो वा नाकारतो. निकालाच्या तीन पायऱ्या आहेत : मूलभूत, उपकरण आणि कडक. गोम अशी, की कित्येक वर्षांत सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेला मान्यताप्राप्त फोन 'उपकरण' पायरी ओलांडतो, पण ताज्या दुरुस्त्या असलेला ग्राफीनओएसचा (एओएसपीवरून बनवलेल्या पर्यायी प्रणालीचा) फोन तिथेच अडतो. इथे सुरक्षितता मोजली जात नाही. मान्यता मोजली जाते. बँकेचे ॲप बंद पडण्याचे कारण अनेकदा हेच असते.

सहीची किल्ली हा दुसरा कळीचा मुद्दा. बसवलेल्या ॲपवर जी डिजिटल सही असते, त्याच सहीचे अपडेट अँड्रॉइड स्वीकारते. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरील नव्या ॲप्सची अंतिम सही गुगलकडील किल्लीने होते. एफ-ड्रॉइड या मुक्त-स्रोत ॲप्सच्या भांडारावरही बहुतेक ॲप्सची सही त्या भांडाराच्या किल्लीने होते. म्हणून एका स्टोअरचे ॲप दुसऱ्याच्या आवृत्तीने अपडेट करायला गेले तर 'सही जुळत नाही' म्हणून नकार येतो. आधीचे ॲप काढावे लागते, आणि बॅकअप घेतला नसेल तर त्यातील माहितीही जाते.

मार्च २०२५ मध्ये गुगलने अँड्रॉइडचा सारा विकास अंतर्गत शाखेत नेण्याचे जाहीर केले. स्रोत प्रकाशित होतो, पण काम होताना दिसत नाही. जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा स्रोत आला तेव्हा गुगलच्याच पिक्सेल फोनांवर प्रणाली बसवण्यासाठी लागणाऱ्या जुळणी-फायली त्यात नव्हत्या, आणि पर्यायी प्रणाली बनवणाऱ्यांवर ते काम नव्याने करण्याची वेळ आली. ऑगस्टमध्ये, स्टोअरबाहेरून येणाऱ्या ॲप्सच्या विकासकांनीही गुगलकडे ओळख पटवावी, असा नियम जाहीर झाला. एफ-ड्रॉइडने त्याला उघड विरोध केला, तो रास्त आहे : स्टोअर नाकारणाऱ्यालाही स्टोअरवाल्याकडेच नोंदणी करावी लागते.

फोन या नियंत्रणातून सोडवून पर्यायी प्रणाली बसवायची झाल्यास आधी बॅकअप घ्यावा, कारण बूटलोडर (फोन चालू होताना प्रणाली सुरू करणारा भाग) उघडताच सर्व माहिती पुसली जाते. सेटिंगमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारल्यावर विकसकांचे पर्याय दिसतात. तिथे 'ओईएम अनलॉकिंग' चालू करून फोन फास्टबूट स्थितीत (संगणकाकडून आज्ञा घेणाऱ्या अवस्थेत) न्यावा आणि संगणकावरून अनलॉकची आज्ञा द्यावी. हा पर्यायच करडा दिसत असेल, तर बहुधा निर्मात्याने किंवा सेवा-पुरवठादाराने तो बंद ठेवलेला असतो. नवी प्रणाली बसवल्यावर बूटलोडर पुन्हा बंद करण्याची घाई करू नये. त्या प्रणालीच्या किल्लीला फोनचा आधार असेल (पिक्सेलवर ग्राफीनओएससाठी तो आहे) तरच बंद करावा. अन्यथा फोन सुरूच होत नाही.